वाचणाऱ्याच्या हातात काय आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मे महिना सरत आला की लातूरच्या मोंढ्यात काय आणि नांदेडच्या कृषी सेवा केंद्रांत काय, एकच विषय असतो : सोयाबीनचं बियाणं. घरचं वापरायचं की विकतचं? आणि घरचं वापरायचं, तर ते उगवेल याची खात्री काय? त्यावर फलकावर आणि सभेत एक वाक्य ठरलेलं असतं : पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासून घ्यावी.

वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण ते वाचून हाताला काही काम मिळत नाही. तपासायची म्हणजे नेमकं काय करायचं? घरातल्या कोणत्या वस्तू लागतील? किती दिवस लागतील? निकाल वाईट आला तर पुढे काय? या प्रश्नांची उत्तरं, ज्याला त्यातलं काही माहीत नाही अशा माणसाला एकट्याने वाचून करता येतील इतक्या स्पष्टपणे कागदावर उतरवणं, हे एक स्वतंत्र काम आहे. त्याला टेक्निकल रायटिंग म्हणतात. आपण तांत्रिक लेखन म्हणू. आपल्या नांदेड-लातूरकडच्या मुलामुलींनी हे काम पोटापाण्याचा उद्योग म्हणून कसं शिकावं, याबद्दल आज मला बोलायचं आहे.

आधी हा लेखक कोण, ते पाहू. यंत्र, औषध, संगणक प्रणाली किंवा कामाची एखादी पद्धत जाणणारा माणूस एका बाजूला असतो आणि ती वापरणारा दुसऱ्या बाजूला. जाणणाऱ्याला इतकं माहीत असतं की, समोरच्याला काय माहीत नाही हेच त्याच्या ध्यानात येत नाही. या दोघांच्या मध्ये उभं राहून कागद लिहायचा, तो तांत्रिक लेखक. त्याला इंजिनिअरइतकं ज्ञान लागत नाही की कवीइतकी प्रतिभा लागत नाही. त्याला एक सवय लागते. लिहिताना सतत स्वतःला विचारायचं : हे वाचणाऱ्याच्या हातात या क्षणी काय आहे?

बियाण्याचंच उदाहरण पुढे नेऊ. उगवण चाचणीची कृती सोपी आहे. शंभर दाणे मोजून घ्यायचे. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत ते मांडायचे. वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची. ती सावलीत ठेवायची आणि पाणी शिंपडून ओलसर राखायची. सहा-सात दिवसांनी उघडून अंकुरलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले, तर शिफारशीप्रमाणे एकरी तीस किलो बियाणं पेरायचं. झालं. कागद तयार झाला असं आपल्याला वाटतं.

आता हा कागद घरातल्या किंवा शेजारच्या कोणाच्या तरी हातात द्या. त्याला सांगा, यात लिहिलंय तसं करा. तुम्ही जवळ बसा आणि तोंड बंद ठेवा. एक शब्दही सांगायचा नाही.

पहिली अडचण लगेच दिसेल. शंभर दाणे कुठले घ्यायचे, हे आपण लिहिलेलंच नाही. माणूस पोत्यात हात घालतो, तळहातावर दाणे घेतो आणि त्यातले टपोरे, स्वच्छ दाणे निवडून बाजूला काढतो. चांगलं काम चांगल्या दाण्यांनी करावं, हा त्याचा स्वभावच असतो. पण निवडक दाण्यांची चाचणी म्हणजे पोत्याची चाचणी नव्हे. निकाल नव्वद येईल आणि शेतात निम्मंच उगवेल. म्हणून कागदात ओळ हवी : प्रत्येक पोत्यातून वरून, मधून आणि खालून मूठमूठ दाणे काढा. सगळे एकत्र मिसळा. त्यातून न निवडता शंभर दाणे मोजा.

दुसरी अडचण सातव्या दिवशी येते. अंकुरलेला दाणा म्हणजे कोणता? नुसता फुगलेला? साल फाटलेला? थोडं मूळ दिसतंय पण कोंब कुजलाय, तो? आपल्याला उत्तर माहीत असतं. मूळ आणि कोंब दोन्ही नीट आलेला दाणाच मोजायचा. फुगलेला, वाकडातिकडा, मोडलेला, कुजलेला सोडून द्यायचा. पण हे कागदावर नाही. शिवाय हे शब्दांनी सांगण्यासारखं नाहीच. मोजायच्या दाण्याचं एक चित्र आणि न मोजायच्या दाण्याचं एक चित्र शेजारी शेजारी छापलं की वाद मिटतो.

तिसरी अडचण हिशेबाची. अडुसष्ट दाणे निघाले तर? सत्तरला तीस किलो, तर अडुसष्टला त्रैराशिकाने जवळपास एकतीस किलो. टक्का एक उतरला की बियाणं साधारण अर्धा किलो वाढतं. हा हिशेब वाचणाऱ्याच्या माथी कशाला मारायचा? डाव्या रकान्यात निघालेले दाणे, उजव्या रकान्यात एकरी किलो, असा छोटा तक्ता द्यावा. आकडा फारच खाली गेला तर ते बियाणं पेरायचं नाही, हेही त्याच तक्त्याखाली लिहावं.

आणि चौथी अडचण, जी गोणपाटापाशी दिसतच नाही : ही चाचणी केव्हा करायची? पेरणीच्या आदल्या आठवड्यात केली, तर निकाल वाईट आल्यावर दुसरं बियाणं आणायला वेळ उरत नाही. म्हणून ‘मे महिन्यातच करा’ हे शब्द कागदाच्या अगदी वर हवेत.

पाहा, पाच ओळींचा कागद बारा ओळींचा झाला, पण आता तो उपयोगाचा झाला. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यातून इतक्या आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. न उगवण्याची कारणं अनेक असतात. बियाणं, पाऊस, पेरणीची खोली. एका कागदाने ती सगळी दूर होत नाहीत. पण दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्या घरांना माहीत आहे, त्यांना नीट लिहिलेल्या बारा ओळींची किंमत सांगावी लागत नाही.

दुसरं उदाहरण लातूर जिल्ह्यातलंच. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. बहुतेक जण दगडामातीच्या जाड भिंतींच्या घरांत, माळवदाखाली झोपले होते. या भिंती दिसायला एक, पण असायच्या दोन : आतली एक, बाहेरची एक आणि मध्ये माती-दगडांची भर. हादऱ्यात दोन्ही भिंती एकमेकींपासून सुटल्या आणि वरचं माळवद खाली आलं.

पुढे आयआयटी कानपूर आणि केंद्र सरकारची बीएमटीपीसी ही संस्था यांनी भूकंपाविषयी २४ छोट्या टिपा काढल्या. प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांनी त्या लिहिल्या. ज्यांना तांत्रिक लेखन शिकायचं आहे, त्यांनी त्या जरूर पाहाव्यात. अवघड स्थापत्यशास्त्र दोन-दोन पानांत, चित्रांसह सांगितलेलं आहे. दगडी बांधकामाच्या टिपेत किल्लारीचा उल्लेख आहे आणि उपाय मोजक्या आकड्यांत दिलेला आहे. भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आरपार जाणारा दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरवर हवा आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर हवा.

आता हा मजकूर गवंड्यापर्यंत न्यायचा आहे. गवंड्याच्या हातात काय असतं? ओळंबा, दोरी आणि फुटांची टेप. तो मिलिमीटरमध्ये बोलत नाही. मग ६०० मिलिमीटरचे दोन फूट आणि १.२ मीटरचे चार फूट लिहून मोकळं व्हायचं का? गणित करून पाहा. दोन फूट म्हणजे जवळपास ६१० मिलिमीटर आणि चार फूट म्हणजे जवळपास १.२२ मीटर. दोन्हीकडे मर्यादा थोडी थोडी ओलांडली जाते. दीड फुटाची भिंतही ४५० च्या पुढे जाते. म्हणून लिहायचं ते असं : भिंत दीड फुटाच्या आत ठेवा. दर पावणेदोन फूट उंचीवर आरपार दगड घाला. दोन आरपार दगडांत पावणेचार फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. आकडा सोपा करावा, पण सुरक्षित बाजूला झुकवून करावा. हा नियम तुम्ही उद्या बंगळुरूच्या कंपनीत विमानाच्या सुट्या भागांवर लिहायला बसलात, तरी हाच राहील.

तिसरं उदाहरण फवारणीचं. २०१७ च्या पावसाळ्यात नांदेडच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. त्यामागेही अनेक कारणं होती. आपण फक्त कागदाचा भाग पाहू. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लाल म्हणजे सर्वांत जहाल; मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. किती जणांना हे ठाऊक असतं? आपल्याकडे हिरवा म्हणजे धोका नाही अशी सवय झालेली असते. पण डब्यावरचा हिरवाही विषच असतो. माहितीपत्रकात मात्रा हेक्टरी असते. माणूस मात्र पंपामागे किती टोपणं, असा हिशेब करतो. टोपण प्रत्येक बाटलीचं वेगळं. दहा लिटर पाण्यात वीस मिलिलिटर सांगितलं असेल, तर पंधरा लिटरच्या पंपाला तीस लागतं. तेवढी एक ओळ, मापाच्या चित्रासह, ठळक छापायला हवी. आणि हातमोजे घाला ही सूचना झाकण उघडा या सूचनेच्या आधी यायला हवी. शेवटी ‘खबरदारी’ म्हणून तळटीप दिली, तर ती वाचेपर्यंत झाकण उघडलेलं असतं.

आता भाषेबद्दल थोडं. एका वाक्यात एकच काम सांगावं. विमान उद्योगात वापरल्या जाणाऱ्या सोप्या तांत्रिक इंग्रजीच्या नियमावलीत कृतीचं वाक्य वीस शब्दांच्या आत ठेवायला सांगितलंय. मराठीत तर आपलं काम त्याहून कमी शब्दांत होतं. ‘करण्यात यावे’पेक्षा ‘करा’ बरं. एका वस्तूला कागदभर एकच नाव ठेवावं. पहिल्या ओळीत खटका, तिसरीत बटण, पाचवीत कळ असं झालं की वाचणारा तीन वस्तू शोधत बसतो. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, ते जवळ ठेवावेत. पण गावात ‘रोहित्र’ म्हटल्यावर पाहत राहणारा माणूस ‘डीपी’ म्हटलं की उठून दाखवायला निघतो. अशा वेळी लोकांचा शब्द आधी घ्यावा, अधिकृत शब्द एकदा सांगावा आणि पुढे लोकांच्याच शब्दाने चालावं. प्रत्येक कामाची अशी शब्दांची यादी एका वहीत करून ठेवा. पुढे नोकरीत हीच यादी टर्मिनॉलॉजी या भारदस्त नावाने भेटते.

मुलं मला सर्वांत आधी साधनांबद्दल विचारतात, म्हणून त्याबद्दल मी आत्ता बोलतोय. साधनं शिकायला सोपी आहेत. सवय लागायला वेळ लागतो. पहिलं साधन म्हणजे युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची भेळ होते. युनिकोडमध्ये ती अडचण येत नाही. महिनाभर रोज अर्धा तास बसलात, तर हात बसतो. दुसरं, वर्ड किंवा फुकट मिळणारं लिबर ऑफिस. पण टंकलेखन यंत्रासारखं वापरू नका. मथळ्यांच्या स्टाइल्स, आपोआप पडणारे क्रमांक, अनुक्रमणिका, संदर्भ देण्याची सोय, एवढं नीट शिका. दोनशे पानांच्या पुस्तिकेत मधली एक पायरी वाढली आणि पुढचे सगळे क्रमांक हाताने बदलावे लागले, की ह्याचं मोल कळतं.

तिसरं, चित्र. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो चालतो, पण काम करणाऱ्याला जसं दिसतं त्याच बाजूने काढा, आणि चित्रावर बाण व आकडे द्या. चौथं, जुन्या-नव्या प्रतींचा हिशेब. सुरुवातीला फाइलच्या नावात तारीख घालण्याची शिस्त पुरे. पुढे गिट शिका. त्यानंतर मार्कडाउन, मग एक्सएमएल आणि डिटा. डिटाचं तत्त्व थोडक्यात असं की एक विषय एकदाच, स्वतंत्र तुकडा म्हणून लिहायचा आणि लागेल तिथे तो जोडायचा. मॅडकॅप फ्लेअर किंवा फ्रेममेकर ही नावं नोकरीच्या जाहिरातींत दिसतील. त्यांना घाबरू नका आणि त्यांच्यासाठी कर्जही काढू नका. वरचा पाया असला, की कामावर रुजू झाल्यावर ती शिकता येतात.

आता यंत्रच लिहून देतं, मग माणूस कशाला, असंही विचारलं जातं. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं, तर उगवण चाचणीचा कागद ती अर्ध्या मिनिटात लिहून देते आणि तो वाचायलाही चांगला वाटतो. मसुदा करायला, वाक्यं आटोपशीर करायला तिचा उपयोग जरूर करा. पण सातव्या दिवशी गोणपाटापाशी बसून, समोरचा कोणते दाणे मोजतोय हे तिने पाहिलेलं नसतं. ती ठामपणे चुकीचा आकडाही देऊ शकते. आकडा तपासणं, पायरी करून पाहणं आणि खाली आपलं नाव घालण्याची जबाबदारी घेणं, हे काम माणसाकडेच आहे. ज्याचं काम फक्त वाक्यं जुळवण्याचं होतं, त्याचं मात्र आता कठीण आहे, हे मी लपवून ठेवत नाही.

नोकरीचं सरळ सांगतो. टेक्निकल रायटर या नावाच्या जागा आज मुख्यतः पुणे, हैदराबाद, बंगळुरू इथे आणि मुख्यतः संगणक कंपन्यांत आहेत. त्यांचं काम इंग्रजीत चालतं. तेव्हा इंग्रजी हवं, पण फर्डं बोलण्याचं नव्हे. छोटं, अचूक वाक्य लिहिण्याचं. आपल्याकडची मुलं बोलायला बुजतात म्हणून स्वतःला बाद ठरवतात. ही बोलण्याची नोकरी नाही. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या कोणत्याही वर्गात असा एक मुलगा किंवा मुलगी असतेच, जिच्या नोट्सच्या झेरॉक्स वर्गभर फिरतात. त्या मुलीने इकडे जरूर वळावं. पदवी विज्ञानाची असो, अभियांत्रिकीची असो की भाषेची, चालते. प्रमाणपत्रांच्या मागे फार धावू नका. या व्यवसायातली अमेरिकेतली मोठी जुनी संघटना, एसटीसी, १९५३ पासून चालत आलेली, २०२५ मध्ये बंद पडली. संस्था येतात-जातात, मुलाखतीत मात्र तुमच्यापुढे एखादी वस्तू ठेवतात आणि म्हणतात, ही कशी वापरायची ते लिहून दाखवा.

त्यासाठी तीन नमुने तयार ठेवा. एक, घरातल्या किंवा शेतातल्या वस्तूचा, जसा मोटारीच्या स्टार्टरचा किंवा फवारणी पंप धुण्याचा. दोन, संगणकाच्या किंवा मोबाइलच्या एखाद्या कामाचा, चित्रांसह. तीन, एकच मजकूर मराठीत आणि इंग्रजीत. प्रत्येक नमुन्याला अर्ध्या पानाची टीप जोडा : पहिला मसुदा कोणाला दिला, तो माणूस कुठे अडला आणि त्यामुळे काय बदललं. मुलाखत घेणारा आधी ती टीप वाचेल. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या अभियांत्रिकी संस्थेतल्या किंवा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना तर शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हाताशीच असतो. अहवाल बांधून कपाटात टाकण्यापेक्षा, ते यंत्र दुसऱ्या शाखेच्या मुलाला चालवता येईल अशी चार पानं लिहा.

गावात राहून काय? या नावाची नोकरी नसेल, पण काम आहे. लातूरच्या डाळमिल आणि तेलमिलमध्ये यंत्रावर नवीन कामगार येतो, त्याला तोंडी सांगून भागवतात. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत, मालकाच्या कपाटात. सगळ्यांत धोक्याचं काम म्हणजे अडकलेला माल काढणं. त्याआधी यंत्र बंद करून मुख्य स्विच पाडायचा, हे यंत्राजवळ मराठीत आणि कामगार हिंदी बोलणारा असेल तर हिंदीत लावलेलं असावं. असं एखादं पान मालकाला करून दाखवा. पहिल्या पानाचे पैसे मिळतीलच असं नाही. पण ते पान भिंतीवर लागलं की दुसऱ्या मालकाला ते दिसतं. शेतकरी उत्पादक कंपन्या, रोपवाटिका, तपासणीच्या लॅब, सगळीकडे असे न लिहिलेले कागद आहेत. यावर लगेच घर चालणार नाही, म्हणून दुसरं काम सांभाळून सुरुवात करा. दोन वर्षांत हातात वीस-पंचवीस पानं जमली, तर पुण्याच्या मुलाखतीला जाताना ती कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा वजनदार ठरतील.

या आठवड्यात एवढंच करा. घरात नेहमी होणारं एक काम निवडा. ते पायऱ्या-पायऱ्यांनी एका पानावर लिहा. ज्याने ते काम कधी केलेलं नाही, त्याच्या हातात ते पान द्या. मग वही-पेन घेऊन शेजारी बसा, आणि तो जिथे जिथे थांबेल तिथे तिथे खूण करा. त्याला काही सांगू नका. खुणा मोजा, पान पुन्हा लिहा आणि दुसऱ्या माणसाला द्या.